शेवरजुव्याचा बांध

आमच्या बिल्डिंगीखाली रस्त्याच्या मधोमध खजुरांची रांग आहे. यंदा फाल्गुन लागला तेव्हा एका सकाळी एक माणूस कमरेला पट्टा लावून त्यातल्या एका झाडावर चढला होता. खांद्याला पिशवी आणि पिशवीत नर झाडाचे तुरे. मादी झाडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा मिटलेला कोंब, हाताने उघडायची, आत दोन-चार तुरे खोचायचे, वरून सुतळीची सैल गाठ मारायची आणि पुढच्या पोयीकडे वळायचं. मी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो. वारा आमच्या दिशेला होता आणि त्याच्याबरोबर वास आला. ओल्या पिठासारखा, कोवळा, जरा डोकं धरणारा. आमच्याकडे माडाची पोय फुटते तेव्हा येतो, त्याच्या भावकीतला. चहा तसाच राहिला. शारजात माझ्या खोलीला कॅलेंडर नसतं तरी मला कळलं असतं, की शिमगा आला.

सूनबाई म्हणाली, "बाबा, आत या, धूळ आहे." धूळ होतीच. इथला फाल्गुन असाच, ना थंडीचा ना उन्हाळ्याचा. समोरचे टॉवर पिवळट धुरळ्यात अर्धे बुडालेले असतात आणि गाड्यांच्या काचांवर मुलं बोटाने नावं लिहितात. माझा मुलगा सुहास जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात जातो. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि आला की म्हणतो, "आज ट्रॅफिक कमी होता." गेल्या पावसाळ्यात माझ्या छातीत जाळी बसवली तेव्हा तो गावी आला आणि मला उचलून इकडे घेऊन आला. उचलूनच म्हणायचं. मी आपल्या पायांनी आलो नाही. इथे थंडीत पुन्हा छाती दुखली, तेव्हापासून डॉक्टर म्हणतो, एवढ्यात विमान नको. म्हणजे यंदाचा शिमगा माझ्याशिवाय. जन्मल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

कोकणातला शिमगा लोकांना ढोल आणि सोंगांनी माहीत असतो. मला तो आधी पायाला कळतो. कातळ तापायला लागतो, पण सावलीतली माती अजून गार असते. अनवाणी चालताना एक पाय भाजतो, एक निवतो. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, गळून पडलेला मोहोर, रानात कुठेतरी कवळाची, म्हणजे तोडलेल्या फांद्यांची, राब पेटलेली. आणि संध्याकाळी ओहोटी लागली, की खाडीचा चिखल उघडा पडतो. त्याचा वास ज्याच्या नाकात लहानपणी गेला, त्याला दुसरा कुठलाही वास घाण वाटत नाही.

आमचं गाव कुंभेवण. डोंगराच्या कुशीत वर घरं, खाली मळे, मळ्यांच्या पुढे खाडी. खाडीच्या मधे एक जुवा, म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट. शेवरजुवा त्याचं नाव, कारण त्याच्या टोकाला शेवरीची मोठी झाडं होती. माघात ती लाल फुलली, की आमच्या खळ्यातून दिवा लावल्यासारखी दिसत. जुव्यावर एक वाडी नांदती होती. जमीन भरतीच्या पाण्याहून सखल. समुद्र आणि त्यांच्या चुली यांच्यामध्ये एक मातीचा बांध, एवढाच आधार. बांधाला एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचं. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायची. आत लाल भात पिकायचं, गोड्या पाण्याची विहीर होती, कोंबडे आरवायचे. होडीतून जाताना भरतीच्या वेळी खाडीचं पाणी वर आणि त्यांची शेतं खाली, असं दिसायचं. मला लहानपणी भीती वाटायची. त्यांच्या पोरांना नाही वाटायची.

बांध काही एकदा घालून राहत नाही. खेकडे त्याला पोखरतात, उधाण चाटतं, पाऊस झिजवतो. दरवर्षी त्याला नवी माती लागते आणि ती लावायची वेळ एकच. भात काढून झालेलं असतं, पाऊस लांब असतो, फाल्गुनी पुनवेची मोठी ओहोटी चिखल मोकळा करून देते. म्हणजे शिमगा. आणि जुव्यातल्या माणसांना ते एकट्याने जमण्यासारखं नव्हतं. म्हणून आमच्या जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली. होळी लागली, की दुसऱ्या दिवशी रवळनाथाची पालखी होडीत बसून शेवरजुव्यात जायची. पण कुणाच्या अंगणात नाही, आधी बांधावर. देव बांधावर बसायचा आणि कुंभेवणच्या प्रत्येक घरातल्या माणसाने चिखलाच्या टोपल्या वाहिल्याशिवाय पालखी उठायची नाही. देवाला उन्हात बसवून माणूस सावलीत कसा जाईल? ज्याने कुणी ही युक्ती काढली तो माणूस देवाला आणि आम्हाला दोघांनाही नीट ओळखत असणार.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या वाट्याला टोपली नव्हती. पेंढ्याचा भारा होता. चिखलाच्या थरात पेंढा दाबायचा, म्हणजे माती धरून राहते. गुडघ्यापर्यंत खाडीत उभे राहिलेले पुरुष, हातातून हातात जाणारे काळे गोळे, वर ढोल. ढोल वाजवायचा मान जुव्यातल्या सोनूआजाचा. माणूस काटकुळा, पण तोंड असं, की उभ्या रांगेला हसवून रडवेल.

"काय रे कुंभेवणकरांनो, काम करूक इलास काय देवाच्या पाठसून लपाक?"

माझ्या बापाने चिखलाचा गोळा त्याच्या पायाशी आपटला. "सोन्या, तुझो ढोल फुटलो तर तोच बांधात घालू. आतून पोकळच हा, खेकड्याक बरा पडात."

सगळी रांग हसली. सोनूआजा सगळ्यांत जास्त. दुपारी बांध काळाभोर, ओला, म्हशीच्या पाठीसारखा चकाकायचा. मग पालखी घराघरांत फिरायची, मग त्यांच्या लाल भाताचा वास, मग आमचं सगळ्यांचं परत येणं, होडीच्या कडेला चिखलाने भरलेले पाय सोडून.

आणि पालखी बांधावरून उठताना गाऱ्हाणं. गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. हा मान आमच्या घरात. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण गाऱ्हाणं मी बापाच्या तोंडून ऐकून घेतलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. बाप होडी वल्हवत शिकवायचा. वल्हं मागे गेलं की त्याने म्हणायचं, पुढे आलं की मी. त्यात वाड्यांची नावं येतात. बापाने बजावून सांगितलं होतं, शेजाऱ्याचं नाव आधी घ्यायचं, आपल्या गावाचं शेवटी. आधी आपलं मागून घेतलं, की माणसाचा आवाज पुढे उतरतो, असं तो म्हणायचा. म्हणून सुट्या वाड्या झाल्या, की शेवरजुवा आधी, कुंभेवण अगदी शेवटी.

पुढे माणसं जायला लागली. आधी मुंबईच्या गिरण्यांत, मग बोटीवर, मग इकडे आखातात. मी गेलो नाही. मला दोनदा बोलावणं आलं होतं आणि दोनदा मी पासपोर्टाचा अर्ज चुलीत घातला. गाऱ्हाणं कोण घालणार? पण बाकीच्यांना मी काय म्हणू? त्यांनी घरं बांधली, पोरी उजवल्या. शिमग्याला येत, तीन दिवसांसाठी, पांढरे कपडे घालून. पालखी जुव्यात जायचीच, त्यात खंड नाही. पण पांढऱ्या कपड्यात चिखलात कोण उतरणार? मग टोपलीऐवजी एकेक गोळा टाकू लागले. मग मूठ. मग मानाची म्हणून चिमूटभर सुकी माती, कपाळाला लावून, बांधावर सोडायची. ढोल वाजायचा, फोटो निघायचे, सगळे म्हणायचे की आमच्या गावात जुन्या रीती अजून टिकून आहेत.

एका आषाढात उधाण आणि पाऊस एकदम आले आणि बांध उघाडीच्या बाजूने गेला. आम्ही वरून बघत होतो. आवाज काही झाला नाही. हिरवं होतं तिथे हळूहळू आभाळ दिसायला लागलं. माणसं वाचली, गुरंही बरीच वाचली. त्या वर्षी त्यांनी कसाबसा बांध जोडला, पण शेतात मीठ बसलं होतं, आणि विहिरीचं पाणी भाताला लावलं तर भात खारट. विहीर गेली, की गाव जायला वेळ लागत नाही. एक घर मामाच्या गावी गेलं, एक मुंबईला, एक नुसतंच कुठेतरी. होडीतून वासे, कौलं, दारं, जाती वाहिली जात. कुणी सोबत तुळस नेली, कुणी नाही. पुढे ज्याला कोणी विचारणारं नव्हतं तो बांध पाण्याने सावकाश खाल्ला आणि तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आत शिरली, तरी पालखी होडीतून वर्षाला एक फेरी मारून यायची. आता होडीतून बघितलं तर हिरवं रान. पक्षी भरपूर आहेत. शहरातली माणसं कॅमेरे घेऊन येतात आणि म्हणतात, किती छान, इथे कधी माणसाचा पाय लागला नसेल.

सुहास मला एकदा रास अल खोरला घेऊन गेला होता, कांद्यांची गोणी घ्यायला. खोर म्हणजे खाडी, हे मला तिथे कळलं. गोदामांच्या आणि गॅरेजांच्या पलीकडे खरीच खाडी आहे, आणि तिच्यात तिवरं. तीच पानं, तीच चिखलातून वर आलेली बोटांसारखी मुळं. सुहास म्हणाला, "बाबा, इथे ही झाडं मुद्दाम लावतात. संरक्षित आहेत." मी काच खाली केली. ओहोटी होती. वास आला. सुहासने एसी वाया जातो म्हणून काच वर केली. त्याचं चुकलं नाही, त्याला तो वास नुसता चिखलाचा.

शिमगा पंधरा दिवसांवर आला तेव्हा गावाहून शांतारामचा फोन आला. शांताराम आमच्या भावकीतला, सध्या गावचं तोच बघतो. इकडचं तिकडचं झालं आणि मग तो हळूच म्हणाला, "काका, औंदा पालखी जुव्यात नेवची नाय, असा ठरला."

"कोणी ठरवल्यान?"

"सगळ्यांनी."

"सगळे म्हणजे कोण? तू आणि तुझी म्हस?"

"काका, गाळी घाला, पण खांदे खंय आसत सांगा. पालखीक चार लागतत, होडयेक दोन. देवळात सांजवातीक आमी इनमिन तिघा जमतो. आणि जावचा कोणाकडे? तिवरात?"

"मग गाऱ्हाण्यात नाव?"

शांताराम माझ्या औषधांची चौकशी करायला लागला. म्हणजे तेही ठरलं होतं. नसलेल्या वाडीचं नाव घेऊन काय मागायचं, असं कुणीतरी म्हटलं असणार. मी फोनवर ओरडलो. एवढा ओरडलो, की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली, छातीतल्या जाळीची तिला माझ्यापेक्षा जास्त काळजी. मी म्हणालो, "आज तुमी त्यांचा नाव गाळतास. उद्या तुमी पण मुंबयक जाशात. मग कुंभेवणचा नाव कोण घेतलो? बाजूच्या गावचो कोणतरी उठून म्हणतलो, नसलेला गाव, गाळून टाका!"

माझी नात सई टेबलावर अभ्यास करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बट आजोबा, देअर इज नोबडी देअर, राइट?"

"म्हणूनच नाव घ्यायचं," मी म्हणालो. "माणसं असती तर हाक मारली असती."

चार दिवस मी शांतारामला फोन करत राहिलो. शेवटी तो थकला. पालखी जाणार नाही, पण नाव घेतलं जाईल. "आणि ता गाऱ्हाणा तुमीच घाला, फोनार. आमका सगळा येता खंय?" फोनवर गाऱ्हाणं घालायचं म्हणजे काय, देव काय कॉल सेंटर आहे, असं मी म्हणणार होतो. पण मी जिंकलो होतो. शेवरजुवा राहिला होता. मी हो म्हटलं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी सुहासच्या मागे लागलो, मला हमरियाला ने. हमरियाच्या फॅक्टऱ्यांमध्ये आमच्याकडची बरीच पोरं आहेत, पोरं म्हणजे चाळिशी उलटलेली. खरं सांगायचं तर कुंभेवणात आता जेवढी पुरुष माणसं आहेत, त्यापेक्षा जास्त हमरियाच्या एका खोलीत निघतील. लोखंडी पलंग एकावर एक, दोरीवर बनियनी, कोपऱ्यात गॅसवर सुक्या बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण. आमच्या आळीतला दत्ता वेल्डिंगचं काम करतो. त्याने मला पलंगावर बसवलं, पाठीमागे उशी दिली.

"काका, शारजा कसा काय?"

"बरा हा. चालूक जागा नाय, बसूक हा."

"सुहासदादा, सांभाळा हां. व्हिसा संपलो तरी काका जावचे नाय. पोलीसच पळान जातले."

हशा पिकला. मी त्यांना सांगितलं, की यंदा गाऱ्हाणं मी इथून घालणार आणि शेवरजुव्याचं नाव मी राखलं. जरा मोठ्या तोंडानेच सांगितलं. दत्ता म्हणाला, "मग ह्याका सांगा ना! ह्यो जुव्यातलोच." आणि त्याने खालच्या पलंगावर बसलेल्या एका माणसाकडे बोट केलं. विजय त्याचं नाव. क्रेनवर आहे. मी त्याला ओळखत नव्हतो. तो म्हणाला, आम्ही आजोळच्या गावी वाढलो, तेच आमचं गाव. पण आज्याचं नाव त्याने सांगितलं आणि मी पलंगावरून उठायला निघालो. सोनूआजा! ढोल वाजवणाऱ्या सोनूआजाचा नातू, चुन्याची डबी हातात घेऊन माझ्यासमोर बसलेला.

मग मी सुटलो. त्यांचं घर बांधापासून किती जवळ, ढोल कुठे टांगलेला असायचा, आज्याने माझ्या बापाला काय काय म्हटलं होतं, सगळं. तो ऐकत होता. हसला एकदाही नाही. मी शेवटी म्हटलं, "आणि दरवर्षी, आजपर्यंत, मी तुमच्या वाडीचा नाव देवासमोर घेतलंय. चुकवक नाय."

विजयने डबी बंद केली. "काका, राग मानू नकात. आमच्या घरात त्या जाग्याचा नाव घेनत नाय."

"कित्याक?"

"आजो घेवक देय नसा. म्हणायचो, देव वर्षाच्या वर्षाक येयचो. माती येयची नाय. शेवटी शेवटी ढोल वाजवताना तो रडायचो, आणि तुमका वाटायचा देवाचो वारो इलो. बांध गेलो त्या वर्षी ढोल खाडयेत टाकल्यान त्याने."

खालच्या मजल्यावर कुणीतरी मल्याळीत फोनवर भांडत होतं, तेवढा आवाज. मी म्हणालो, "मी टोपली घालीत होतंय. अखेरपर्यंत. विचार कोणाकय."

"घातलात आसतलास, काका," तो म्हणाला. तो अगदी साधं बोलत होता, उपहास नव्हता त्यात. "पण एका टोपलेन बांध रवता काय?" आणि डबी खिशात सारून, "नाव घेवन आमका काय मिळता? दरवर्षी तुमी नाव घेतास, दरवर्षी आजो आठवता. खलास म्हणा ना आता."

मग त्यानेच उठून मला चहा दिला. कपाला बशी नव्हती म्हणून स्वतःचा रुमाल खाली धरला.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू होती आणि वाऱ्याने ती रस्त्यावर येत होती, सापासारखी सरपटत. सुहास म्हणाला, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. त्याला त्याचं दुःख असेल." मी चिडलो होतो हे खरं आहे. एवढं वय झालं, मला कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. नाव राखण्यासाठी मी भांडलो, आणि ज्याचं नाव तोच म्हणतो सोड. आणि मग, हळूहळू, चिडायला काही उरेना. सोनूआजा ढोल वाजवताना डोळे पुसायचा, ते मी पाहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही हात जोडले होते.

गावं कशी जातात याचा मी बराच विचार केला आहे. पुरात जातात, रोगराईत जातात, असं लोक सांगतात. शेवरजुवा गेला तो आमच्या डोळ्यांदेखत, वाजतगाजत. आणि कुंभेवण चाललं आहे ते असंच. दर शिमग्याला रंग दिलेलं देऊळ, नवे दिवे, गावच्या नावाचा ग्रुप, त्यात रोज सकाळी फुलांची चित्रं. आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून उतरताना बंद दारांना लागलेली कुलुपं, त्यांतली काही गंजून दाराचाच भाग झालेली. कुणी म्हणेल गाव आहे. आहेच की.

गाऱ्हाण्याच्या दिवशी सुहासने घरून काम घेतलं. मी आंघोळ करून धोतर नेसलो. गॅलरीत चटई बाजूला करून अनवाणी उभा राहिलो, तोंड पूर्वेला, गाव त्याच बाजूला. सूनबाई म्हणाली, "बाबा, आवाज जरा बेताने, शेजारी नवे आहेत." मग तीच म्हणाली, "नको, घाला तुम्ही हवा तसा." सई फोन धरून उभी राहिली. त्यात देवळाचा ओटा दिसत होता, पालखी, आणि शांताराम धरून थोडी माणसं. ढोल कुणीतरी वाजवत होतं, हात कच्चा होता.

मी सुरुवात केली. बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. व्हय म्हाराजा. जी जवळ आसत आणि जी लांब आसत. व्हय म्हाराजा. वाटेवरच्यांका वाट दाखव, पाण्यावरच्यांका काठ दाखव. व्हय म्हाराजा. आवाज तिकडून थोडा उशिराने यायचा, जणू गावच जरा लांब सरकलं होतं. वाड्यांची नावं आली. वरची वाडी, मधली, देऊळवाडी. प्रत्येकीला होकार आला, कुठे जाड, कुठे एकाच गळ्यातला.

मग शेवरजुव्याची जागा आली.

चार दिवस मी या शब्दासाठी भांडलो होतो. तोंडात तयार होता. मला विजयच्या त्या रुमालाची आठवण झाली आणि मी तोंड मिटलं. नाव घेतलं नाही. पण पुढेही गेलो नाही. जेवढा वेळ ते नाव म्हणायला लागतो, तेवढा वेळ तसाच उभा राहिलो. खाली गाड्या चालल्या होत्या. सई माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं फोन अडकला.

आणि तिकडून, कुणी काही न सांगता, सगळ्यांनी मिळून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

सवयीने म्हटलं असेल. शांतारामने मान खाली घातलेली मला दिसली, एवढंच मी सांगू शकतो.

त्याच्या पुढचं नाव आमच्या गावाचं. ते मी छातीतली जाळी विसरून, होता नव्हता तेवढा दम लावून घेतलं.